बांधावरची वेधशाळा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्यमापक आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. कोठारात एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवावे आणि त्यात साठलेल्या पाण्यावरून पाऊस मोजावा, असे तिथे सांगितले आहे. पुढे सीताध्यक्षाच्या, म्हणजे राज्याच्या शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणात प्रदेशवार आकडे येतात : जांगल प्रदेशात १६ द्रोण, अवंतीत २३, अश्मकात जांगलाहूनही कमी. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख. या माहितीत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती कुंडाची जागा. कुंड शेतात ठेवलेले नव्हते, कोठारात होते. पाऊस पडे शेतावर आणि मोजला जाई सरकारदरबारी.

तेव्हापासून साधने पुष्कळ बदलली, ही व्यवस्था मात्र फारशी बदलली नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. तहसील कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक आमच्या आजोबांच्या पिढीला माहीत होता. आता महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. एका मंडळात अनेक गावे आणि त्यांच्यासाठी एक यंत्र. आमची दोन एकरांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. तिच्या बांधावर काही वर्षांपासून एक घरगुती हवामान केंद्र उभे आहे. असे यंत्र लहान शेतकऱ्याला नेमके काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार या लेखात करायचा आहे.

खांबावरची पाच उपकरणे

यंत्र दिसायला साधे असते. एका खांबावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारे पाते, पावसाचे नरसाळे, आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या एकावर एक रचल्यासारख्या पिंजऱ्यात तापमान आणि आर्द्रतेचे संवेदक. वरच्या सौर तबकडीवर सारे चालते आणि आकडे बिनतारी मार्गाने घरातल्या पडद्यावर येतात.

थाळ्यांचा तो पिंजरा म्हणजे 'स्टीव्हन्सन पेटी'चा धाकटा वंशज. लाकडी झडपांची ती पांढरी पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने बनवली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. पेटीचे काम एकच : तापमापकाला वारा लागू द्यायचा, ऊन लागू द्यायचे नाही. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतःचेच दाखवतो.

नरसाळ्याखाली एक दुहेरी पन्हळ असते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. एका बाजूला ठरावीक पाणी साठले की ती कलंडते, रिकामी होते आणि दुसरी बाजू भरू लागते. बहुतेक यंत्रांत एक कलंडणे म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. सतराव्या शतकात ही युक्ती योजणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा वास्तुकार तो हाच.

या पन्हळीची परीक्षा घरी घेता येते. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. त्यात एक लिटर पाणी अर्धा-पाऊण तास थेंबथेंब सोडले, तर पडद्यावर सुमारे ३१.८ मिलिमीटर दिसायला हवेत. बरेच कमी दिसले, तर आधी नरसाळ्यात डोकवावे. कोळ्याचे जाळे, मुंग्यांची माती, पाखरांची विष्ठा यांपैकी काहीतरी सापडते. यंत्र निर्दोष असले तरी मुसळधार सरीत ते थोडे कमीच मोजते, कारण पन्हळ कलंडत असताना येणारे पाणी हिशेबातून निसटते. जोराच्या वाऱ्यातही काही थेंब नरसाळ्यावरून वाहून जातात. म्हणून साधा मोजपट्टीचा पर्जन्यमापक शेजारी ठेवावा. दोन साक्षीदार एकापेक्षा केव्हाही बरे.

पान किती वेळ ओले होते?

द्राक्षबागाईतदाराला पावसाइतकीच, किंबहुना जास्त, धास्ती ओल्या पानाची असते. ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर पोंगा फुटतो, कोवळी पाने येतात, फुलोरा येतो. नेमक्या याच काळात डावणी येऊ शकते. तिची बुरशी दमट रात्री पानाच्या खालच्या अंगाला बीजाणू तयार करते. त्यांना रुजायला पानावर पाण्याचा प्रत्यक्ष थर लागतो, आणि अनुकूल तापमान असेल तर काही तासांचा थर पुरतो. भुरीचे वागणे वेगळे. तिला पानावर पाणी लागत नाही. ढगाळ, दमट, सौम्य हवा तिला मानवते. एकाच बागेतले हे दोन रोग, पण एकासाठी पाण्याचे तास मोजायचे आणि दुसऱ्यासाठी सावलीचे दिवस.

इथे आर्द्रतेचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत असलेली वाफ नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के आहे ते. दुपारी ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे १५ ग्रॅम वाफ असते. रात्री हीच हवा १८ अंशांवर उतरली की तेवढ्याच वाफेने ती भरून जाते आणि दव पडू लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. वाफ तेवढीच राहिली, थंडी तेवढी वाढली. त्यामुळे दुपारची आर्द्रता पाहून 'आज हवा कोरडी आहे' म्हणणारा माणूस पहाटे ओल्या बागेत उभा राहतो. संध्याकाळी पडद्यावर दवबिंदू पाहावा आणि रात्रीचे किमान तापमान तिथवर उतरेल का, याचा अंदाज बांधावा. घरगुती यंत्राचा हा सर्वांत उपयोगी आकडा आणि सर्वांत दुर्लक्षितही.

यातही एक मेख आहे. निरभ्र रात्री पान आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होते. त्यामुळे संवेदकावर १०० टक्के दिसण्याआधीच पानावर दव जमलेले असते. शिवाय ९५ टक्क्यांच्या वर स्वस्त संवेदक फारसे विश्वासाचे राहत नाहीत. म्हणून ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेचे तास 'ओले तास' धरण्याचा प्रघात आहे. मांडवाच्या आत वारा खेळत नाही, ऊन उशिरा पोचते. तिथली ओल बांधावरच्या यंत्राला दिसत नाही. मी यंत्राच्या तासांत मांडवाखालचा सकाळचा उशीर मिळवतो, आणि तो उशीर पानाला हात लावूनच कळतो.

याचा उपयोग काय? फवारणी 'ढग आले म्हणून' करायची की 'पान खरोखर इतके तास ओले राहिले म्हणून', हे ठरवता येते. पहिल्या पद्धतीत भीती निर्णय घेते. वाचलेली प्रत्येक फवारणी म्हणजे वाचलेला पैसा, मजूर आणि घडावर न गेलेले औषध. आजूबाजूच्या बागांमधले तरुण आता सकाळी फोन करून विचारतात, "काका, रात्री पान किती वेळ ओलं होतं?" पूर्वी प्रश्न असायचा, "काका, तुम्ही काय मारलं?" या दोन प्रश्नांत जे अंतर आहे, तीच माझ्या मते या यंत्राची किंमत.

रामदासांचा थर

निफाडची थंडी वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांना माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातमीत येतो, आणि इकडे तडकलेल्या मण्यांच्या काळजीने बागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होते. पण थंडी मोजायची कुठे? या प्रश्नाचा एक सुंदर इतिहास आपल्या पुण्यात घडला आहे.

१९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. त्यांनी आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीलगतचे तापमान वेगवेगळ्या उंचींवर मोजले. सर्वांत थंड जमीनच असणार, असे शास्त्र सांगत होते. निरीक्षणात मात्र सर्वांत थंड हवा जमिनीच्या काही वितीभर वर आढळली. हा निष्कर्ष जगाच्या पचनी पडायला वेळ लागला. पुढे इतरांनाही तेच दिसले, त्या थराला रामदासांचे नाव मिळाले, आणि रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्याची उपपत्ती शोधण्यासाठी अनेक वर्षे दिली.

शेतकऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच : तापमानाला उंची असते आणि जागाही असते. थंड हवा जड. ती पाण्यासारखी उताराने वाहून सखल कोपऱ्यात साचते. खांब घडांच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवर असावा आणि पत्र्याच्या शेडपासून, विहिरीपासून, काँक्रीटपासून दूर असावा. शिवाय सखल कोपऱ्यात एक साधा किमान-तापमापक टांगावा. शेकोटी कुठे पेटवायची, ते तो सांगतो.

पाण्याचा जमाखर्च

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्याला सुमारे १०१ लिटर, एकराला ४,०४७. हे गणित पाठ असले की आकाशातले आणि विहिरीतले पाणी एकाच वहीत लिहिता येते. खर्चाची बाजू बाष्पीभवनाची. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून ती काढण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रमाण म्हणून दिली. बरीच यंत्रे हा आकडा स्वतःच दाखवतात. समजा तो दिवसाला ५ मिलिमीटर आहे आणि वेलीच्या त्या अवस्थेचा गुणक ०.७ आहे, तर बागेची गरज साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एकरी सुमारे १४,००० लिटर. ढगाळ दिवशी ती निम्म्यावर येऊ शकते. सवयीने रोज तेवढेच तास ठिबक चालवणाऱ्याला हे कळत नाही. मात्र वाफसा आला की नाही, हे कोणतेही खांबावरचे यंत्र सांगत नाही. त्यासाठी मातीचा गोळा मुठीत दाबून पाहण्याला अजून पर्याय नाही.

आपला आकडा, त्यांचा आकडा

आता सुरुवातीच्या कुंडाकडे येऊ. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी मानून नुकसानभरपाईचा विचार होतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही अवेळी पाऊस आणि कमी तापमान यांचा निवाडा ठरवून दिलेल्या केंद्राच्या नोंदीवर होतो. वळिवाचा आणि अवकाळीचा पाऊस मात्र मंडळाच्या सीमा पाहून पडत नाही. ओढ्याच्या या काठाला चिखल आणि त्या काठाला धूळ, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. आमच्या बांधावरच्या यंत्राने ६५ च्या पुढचा आकडा दाखवला आणि मंडळाच्या नोंदीत तो नव्हता, असेही घडले. विमा प्रतिनिधीने माझी वही सौजन्याने पाहिली आणि सौजन्यानेच परत केली.

अशा वेळी रागावण्याआधी एक गोष्ट तपासावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. घरगुती यंत्र मध्यरात्री शून्यावर येते. रात्रीच्या एकाच पावसाचे दोन तारखांत दोन तुकडे होतात आणि तुलना फसते. म्हणून मी वहीत साडेआठ ते साडेआठ असाच दिवस लिहितो. एवढे करूनही फरक उरला, तर तो फरक खरा असतो.

या खऱ्या फरकाला आज कायद्यात जागा नाही, आणि त्यामागे कारणही आहे. ज्याला पैसे मिळणार, त्याच्याच नरसाळ्यावर विश्वास ठेवायचा तर नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतणे अवघड नाही. पण एकाच शिवारात पाच-सात यंत्रे असतील, ती एकसारख्या उंचीवर, एकसारख्या पद्धतीने लावलेली असतील आणि त्यांच्या नोंदी रोज सगळ्यांसमोर मांडल्या जात असतील, तर एकट्याचे खोटे लगेच उघडे पडेल. शिवाराची नोंद मंडळाच्या नोंदीशेजारी ठेवण्याची मागणी मग निव्वळ तक्रार म्हणून बाजूला सारता येणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर पावसाने नाशिक जिल्ह्यातल्या छाटलेल्या बागांचे काय केले, हे सर्वांनी पाहिले. त्या दिवसांचा शिवारनिहाय हिशेब आज कुणाकडे आहे?

हे यंत्र भविष्य सांगत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. उद्याच्या अंदाजासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान खात्याचा कृषी सल्लाच पाहावा लागतो. बांधावरचे यंत्र सांगते ते फक्त काल काय झाले आणि आत्ता काय चालले आहे. लहान शेतकऱ्याला हे थोडके वाटू शकते. पण नक्षत्रांवरून, वाहनांवरून, वाऱ्याच्या दिशेवरून पाऊस ओळखू पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांकडे उद्याचे ठोकताळे भरपूर होते. कालची नोंद मात्र त्यांच्या हाती नव्हती, ती कोठारात होती. ती आता बांधावर आली आहे. तिला साक्षीचा मान मिळायचा तेव्हा मिळेल; तोवर रोज सकाळी साडेआठला ती लिहीत राहणे आपल्या हातात आहे.