भाषांतरकार साने गुरुजी

भाषांतर म्हणजे दुय्यम प्रतीचे लेखन, असा समज सुशिक्षितांतही पुष्कळदा आढळतो. खानदेशाने ज्यांना आपले मानले त्या साने गुरुजींच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे तो समज फार वेळ टिकत नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले व १९२४ पासून तेथील शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने निगा राखली. १९३० साली मात्र शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेकडील सत्याग्रही सोबती मिळाले. ज्यांच्या पंक्तीला बसावयाचे त्यांचीच भाषा आपणांस येऊ नये, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला लागली. तिरुवळ्ळुवरांचे १३३० द्विपदींचे ‘तिरुक्कुरल’ त्यांनी पुढे मराठीत आणले, त्याचे मूळ या सहवासात आहे. टॉलस्टॉयचे कलाविषयक विवेचन आणि हेन्री थॉमसची ‘मानवजातीची कथा’ हीही मराठी वाचकांस त्यांच्याच लेखणीने मिळाली.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा आठवडे अठरा अध्याय चालले. गुरुजी शेजारी बसून ते भरभर उतरून घेत. स्वतः समर्थ लेखक असूनही दुसऱ्याचे शब्द जपण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्या श्रमांतूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला व भारतातील अनेक भाषांत गेला. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

स्वराज्य आले, तरी प्रांताप्रांतांतील दुरावा त्यांना सलत होता. शेजाऱ्याची भाषा शिकावी, त्याचे उत्तम ग्रंथ आपल्या घरात यावेत, या हेतूने त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. ती पूर्णत्वास जाण्यापूर्वीच ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मराठी, अहिराणी आणि गुजराती ज्या खानदेशच्या बाजारात एकाच वेळी कानी पडतात, तेथे हा विचार रुजावा यात नवल नाही. परंतु बाजारातील व्यवहारापुरती भाषा येणे निराळे आणि शेजाऱ्याचे अंतःकरण समजण्याइतकी ती येणे निराळे. आपल्या घरच्या पुस्तकांच्या कपाटात शेजारच्या भाषेतून आलेला एखादा तरी ग्रंथ आहे काय, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा पाहावे. गुरुजींचे अपुरे राहिलेले काम तेथूनच पुढे चालू होईल.