ईशापूरच्या रायफलीचा भाव

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावरून रानाघाटकडची लोकल धरली की बराकपूरनंतर थोड्याच वेळात ईशापूर येतं. हुगळीच्या काठावर ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये इथे बंदुकीच्या दारूचा कारखाना घातला आणि त्याच जागी १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना आला. भारतीय सैनिकाच्या खांद्यावरची ली-एनफिल्ड, म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’, भारतात घडली ती इथे. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीला बनत. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरं असलेली ती काडतुसं जगभरचे संग्राहक आजही ओळखतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच जुनी रायफल होती, आणि समोर स्वयंचलित शस्त्रं. त्यानंतर तिच्या निवृत्तीची चर्चा देशभर झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. पण निवृत्तीनंतर तिचं काय होतं, तिची किंमत किती आणि ती कोण ठरवतं, याची चर्चा आपल्याकडे झालीच नाही. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात हीच रायफल लिलावात येते. साल, शिक्का, क्रमांक पाहून तिच्यावर बोली लागते. ती जिथे जन्मली, तिथे तिच्या नशिबी बहुधा सुमारे चार किलो लोखंड आणि लाकूड एवढीच ओळख येते.

जुन्या लष्करी रायफलीचा योग्य भाव म्हणजे काय, हा प्रश्न वरवर छंदिष्टांचा वाटतो. मला तो न्यायाचा वाटतो. जुन्या शस्त्राच्या सौद्यात एका बाजूला जाणकार असतो आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा अजाण माणूस. शस्त्राची खरी ओळख दोघांनाही सारखी कळलेली असेल, तरच त्यांच्यात ठरलेला भाव योग्य म्हणता येतो.

दहा रुपयांची बंदूक

नव्या बंदुकीचा भाव ठरवणं सोपं असतं. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीच्या कंपूंसाठी आग्र्याला शस्त्रांचा कारखाना होता. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तो चालवी. हर्बर्ट कॉम्प्टनने १८९२ मध्ये हिंदुस्थानातल्या युरोपीय लष्करी साहसवीरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात सँगस्टरची बंदूक युरोपीय बंदुकीच्या तोडीची असे आणि ती दहा रुपयांत पडे, असं नमूद आहे. लोखंड, लाकूड आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज म्हणजे ते दहा रुपये. त्यात इतिहासाची किंमत नव्हती, कारण इतिहास अजून घडायचा होता. १८०३ मध्ये इंग्रजांच्या जनरल लेकने आग्रा घेतलं, लासवारीला शिंद्यांचे कंपू मोडले, आणि दहा रुपयांच्या त्या बंदुका इतिहासाचा पुरावा झाल्या. जुन्या शस्त्राचा भाव या दुसऱ्या जन्मापासून सुरू होतो. तिथे लोखंडाचं वजन गौण ठरतं. शस्त्र कुणाचं, कधीचं, कुठलं, हे सिद्ध करता येतं का, याला महत्त्व येतं.

नळीवर लिहिलेली ओळख

ही ओळख शस्त्रावरच कोरलेली असते; वाचता आली पाहिजे. ईशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलीवर, दस्त्याच्या मानेशी असलेल्या पोलादी पट्ट्यावर राजमुकुट, सम्राटाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि नमुना अशी ओळीने नोंद असते. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढच्या लाकडातून आडवा जाणारा मजबुतीचा स्क्रू ही ईशापूरची खूण आहे. पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असेल, तर ती रायफल हातबाँब फेकण्यासाठी वेगळी काढलेली होती असं समजावं. अशी रायफल साध्या रायफलीच्या भावाने विकणं चूक आणि तिला ‘दुर्मीळ’ म्हणून अवाच्या सवा भाव लावणंही चूकच.

१९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात ईशापूरने ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ हे नमुने काढले. ते ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी होते. परदेशी बाजारात त्यांना अनेकदा ‘जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली’ असं म्हणत आणि त्यामुळे भाव पाडला जाई. प्रत्यक्षात त्या नव्याने, अधिक चिवट पोलादात घडवलेल्या रायफली आहेत. चौकोनी मॅगझिन आणि दोन हजारांऐवजी आठशेपर्यंतच आखलेली मागची माशी ही ‘२ए१’ची ओळख. चुकीच्या माहितीने भाव कसा घसरतो, याचं हे ठळक उदाहरण.

उलट दिशेनेही फसगत होते. सरहद्दीवरच्या खैबर भागातल्या कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या. अशा एखाद्या नकलेवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असते आणि खाली साल असतं १९०१ नंतरचं. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, हे ठाऊक असलेल्याला ती नक्कल क्षणात कळते. ज्याला ठाऊक नाही तो अस्सलचे पैसे मोजतो.

कोलकात्याच्या परिसराने अशी एक फसवी जोडी आणखीही दिली आहे. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची बातमी दमदमच्या शस्त्रागारातून फुटली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने शस्त्र उचललं. वादाचं मूळ होती आट्यांची नळी असलेली एनफिल्ड. बंडानंतर देशी शिपायांना दिसायला तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली, म्हणजे तिचा नेम लांबवर लागू नये. आज दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस फरक सांगू शकणार नाही. नळीत डोकावलं की सत्ता शिपायाला किती भीत होती, ते दिसतं. संग्राहकासाठी अधिक मोलाची कुठली, हे त्याच्या आवडीवर आहे. पण विकणाऱ्याने कुठली कुठली आहे हे सांगायलाच हवं.

क्रमांकाचं मोल

ओळख सिद्ध करण्यात नोंदवहीचं मोल किती असतं, हे कोलकात्यातल्या रोडा कंपनीच्या प्रकरणात दिसतं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र कस्टम हाउसमधून २०२ पेट्या सोडवून आणायला गेला. १९२ पेट्या गोदामात पोहोचल्या. उरलेल्या दहा पेट्यांची बैलगाडी क्रांतिकारकांनी ठरलेल्या गल्लीकडे वळवली. त्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या चोरीचा सविस्तर हिशेब आहे. ४४ पिस्तुलं बंगालमधल्या नऊ गटांत वाटली गेली आणि ५४ गुन्ह्यांत ती वापरली गेली, असं समितीने नोंदवलं. सरकारला हे सांगता आलं, कारण प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि कंपनीकडे त्या क्रमांकांची नोंद होती.

माउझर पिस्तुलं जगात लाखोंनी बनली. त्यांपैकी ही पन्नास निराळी, आणि त्यांचं निराळेपण एका कागदावर अवलंबून आहे. कागदाशिवाय ‘हे रोडाचं पिस्तूल’ असं कुणी म्हणालं तर ती नुसती गोष्ट आहे, आणि गोष्टीसाठी पैसे मोजू नयेत. शस्त्र विकत घ्यावं, त्याच्याबद्दलच्या बढाया नव्हेत. हा संग्राहकांचा जुना नियम इथे पुरेपूर लागू पडतो. मात्र क्रमांक जुळला, नोंद सापडली, तर विक्रेत्याला ते सांगून त्या इतिहासाचे पैसे देणं हे खरेदीदाराचं कर्तव्य आहे.

डलहौसीतली दुकानं आणि वारसांची अडचण

रोडा, मँटन अशा कंपन्यांमुळे एकोणिसाव्या शतकात कोलकाता शस्त्रांच्या व्यापाराची राजधानी होती. १८३५ पासूनचं नरसिंह चंद्र दाँ यांचं दुकान त्याच परंपरेतलं. डलहौसी भागातली अशी दुकानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना काचेआडच्या दुनाळी बंदुका आठवतील. अशा बंदुकीच्या नळीवर कोलकात्याच्या दुकानाचं नाव असलं, तरी बंदूक बहुधा बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेली असते. नळीच्या खालच्या बाजूचे चाचणीचे ठसे पाहिले की ते कळतं. ती काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे की नंतरच्या धूरविरहित दारूसाठीही, हेही तिथेच कळतं. यावर भाव तर अवलंबून असतोच, चालवणाऱ्याचा जीवही असतो.

आपल्या कायद्याने या बाजाराला एक निराळं वळण दिलं आहे. थ्री नॉट थ्री, ७.६२ आणि पोलीस-तुरुंगांसाठी केलेली ४१० ची मस्केट ही सगळी लष्करी काडतुसांची हत्यारं नियमांनी निषिद्ध वर्गात टाकली आहेत. म्हणून ईशापूरने नागरिकांसाठी ३१५ बोअरची रायफल काढली. लष्कराची निवृत्त रायफल भारतातला सामान्य संग्राहक घेऊच शकत नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या परवान्यावरच्या शिकारी बंदुका, आणि त्या येतात बहुतेक वेळा एखाद्या घरातलं कर्तं माणूस गेल्यावर.

परवानाधारक वारला की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमानुसार हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं. मुदतीत विक्री किंवा हस्तांतर झालं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. तिसरं हत्यार जमा करायला एक वर्षाची मुदत होती. कायद्यामागचा हेतू समाजाच्या सुरक्षेचा आहे आणि तो रास्त आहे. पण मुदतीच्या ओझ्याखाली असलेल्या विक्रेत्याकडे घासाघीस करायला वेळ नसतो. आजोबांची बंदूक घेऊन आलेल्या सुनेला किंवा नातवाला तिचं घराणं ठाऊक नसतं. समोरच्याला ते दिसत असतं. अशा वेळी ‘त्यांनी मागितले तेवढे दिले’ एवढ्याने व्यवहार प्रामाणिक ठरत नाही. मागणाऱ्याला काय मागावं हे माहीत नव्हतं, हे खरेदीदाराला माहीत होतं.

घाऊक सौदा, किरकोळ इतिहास

हाच प्रश्न देशांच्या पातळीवर उभा राहतो तेव्हा काय होतं, हे २००३ मध्ये नेपाळमध्ये दिसलं. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात नेपाळी सैन्याची पिढ्यान्‌पिढ्यांची शस्त्रं साठली होती. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुका, ब्रन्सविक, मार्टिनी-हेन्री आणि नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. दोन अमेरिकी कंपन्यांनी तो हजारो शस्त्रांचा साठा एकत्रित विकत घेतला. पुढे ती शस्त्रं साफ करून, वर्गवारी करून, एकेक विकली गेली. जगभरच्या संग्राहकांना एरवी न दिसणारे नमुने पाहता आले, हा लाभ खरा. पण ढिगाच्या भावाने गेलेल्या वस्तूचं निराळेपण खरेदीदाराच्या गोदामात सिद्ध झालं आणि त्याची किंमतही तिथेच जमा झाली. विकण्याआधी यादी करणं किती गरजेचं आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

योग्य भाव कसा ठरावा

जिथे कायदा परवानगी देतो तिथे, भाव ठरवण्याची रीत अवघड नाही. पहिली गोष्ट, मागितलेली किंमत आणि झालेला सौदा यांत गल्लत करू नये. लिलावघरं झालेल्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. त्याच नमुन्याच्या, तशाच स्थितीतल्या चार-सहा विक्री पाहिल्या तर भावाचा पट्टा कळतो. दुसरी, बोल्टचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावं. लाकूड मूळचं आहे का, नळी आतून गंजली-झिजली आहे का, शिकारीसाठी पुढचं लाकूड कापलेलं आहे का, तेही पाहावं. कापलेली रायफल पुन्हा मूळची होत नाही, म्हणून तिचा भाव उतरतो. कवायतीसाठी बाद ठरवलेल्या रायफलीवर तसा शिक्का असतो. ती चालवण्यासाठी नाहीच. तिसरी, परवाना, वाहतूक आणि दुकानदाराचा हिस्सा हे खर्च उघड मांडावेत, म्हणजे उरलेली रक्कम कशाची ते दोघांना कळेल. आणि चौथी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: काय पाहिलं ते विक्रेत्याला लिहून द्यावं. नमुना, साल, शिक्के, क्रमांक, दोष, आणि अशा वस्तूंच्या अलीकडच्या विक्रीचा पट्टा. एवढं दिल्यावर कमी भावात देणं विक्रेत्याला पटलं, तर तो त्याचा निर्णय. खरेदीदाराचं मन स्वच्छ.

वारसांनीही हाच कागद आधी मागावा. शंभर वर्षांहून जुनं हत्यार १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतं आणि मग ते परदेशी पाठवण्यावर बंधन येतं. दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा कालबाह्य हत्याराला शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम वेगळी वागणूक देतं. मात्र आपलं हत्यार कुठल्या गटात बसतं, हे स्वतः ठरवू नये. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावं.

सरकारकडे मागणं याहून मोठं आहे. शस्त्रनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला बरखास्त होऊन ईशापूरचा कारखाना एका नव्या सरकारी कंपनीकडे गेला. पोलिसांच्या शस्त्रागारांतून थ्री नॉट थ्री एकेका राज्यात बाहेर पडते आहे. ती नष्ट करणं सुरक्षेसाठी आवश्यक असेल, तर जरूर करावी. पण तोडण्याआधी प्रत्येक रायफलीचं साल, नमुना आणि क्रमांक यांची छायाचित्रांसह नोंद व्हावी, आणि प्रत्येक नमुन्याच्या काही रायफली कायमच्या निकामी करून संग्रहालयांना द्याव्यात. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून जमवलेला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवला. घराघरांतल्या वस्तूंना इतिहासात जागा मिळते ती अशाच कष्टाने. ज्या हातांनी ईशापूरला या रायफली घडवल्या आणि ज्या हातांनी खडकीला त्यांची काडतुसं बनवली, त्यांचं काम भंगाराच्या वजनपावतीवर संपू नये. प्रत्येक रायफलीमागे एक लेखी नोंद, हा खर्च फार नाही, आणि तो भरण्याची जबाबदारी रायफली तोडण्याचा आदेश देणाऱ्यांचीच आहे.