डाळिंबाच्या पानावरचा डाग आधी उन्हाकडे धरून बघा

पाऊस लागला की गटाच्या बैठकीत हा प्रश्न येतोच: डाळिंबाच्या पानावर डाग आलेत, कोणतं औषध मारू? आणि लगेच औषधासाठी कर्जाचा अर्ज. ताईंनो, आधी डाग ओळखू या.

डागाचं पान तोडून उन्हाकडे धरा. डागाची कड तेल लागल्यासारखी ओलसर दिसली, उजेड आरपार आला, तर तेल्या समजा. पुढे हाच डाग काळपट होतो. फळावर आला की डागावर चिरा पडतात आणि त्या फळाला भाव मिळत नाही. डाग कोरडा, तपकिरी, तेलकट कड नसलेला असेल तर तो बहुतेक बुरशीचा.

फरक पैशाचा आहे. तेल्या जिवाणूमुळे होतो, त्यावर साधं बुरशीनाशक चालत नाही. एका फवारणीत तेल्या बरा करणारं औषधच नाही. दुकानदार तसं सांगत असेल तर पुडा परत करा.

मग करायचं काय? रोगट फांद्या डागाच्या खालून छाटा, खाली पडलेली पानं-फळं गोळा करून जाळा. जिवाणू त्या पाचोळ्यात कित्येक महिने जगतो. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो फवारा: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचं, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. फवारताना तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच. गरोदर बाईने फवारणीला जाऊच नये.

आता आपल्या कात्रीचं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडे आपल्यातल्या कितीतरी जणी छाटणीला जातात. पावसाच्या थेंबांनी रोग झाडावरून झाडावर जातो, पण एका बागेतून दुसऱ्या बागेत तो कात्रीवरूनही जातो. दर झाडानंतर कात्री अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. वेळ जातो म्हणून मालक कुरकुर करेल, करू द्या. बाग त्याचीच वाचते, म्हणून त्या पाण्याचा खर्चही त्यानेच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टोळीने काम ठरवतानाच हे बोलून घ्यावं.

रोपवाटिका चालवणाऱ्या गटांनी तेल्या आलेल्या बागेतून गुटी कलम आणूच नये, फुकट मिळालं तरी.

डाग ओळखता आला नाही तर चार-पाच पानं कोरड्या कागदात गुंडाळून कृषी सहायकांना दाखवा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथेही विचारता येतं. कर्जाचा अर्ज त्यानंतर.