हरलात? आधी आकडे उघडा

आपल्या संघाचे गोलवर वीस फटके, समोरच्यांचे दोन. आणि निकाल 0-1. ‘फुटबॉल मॅनेजर’ हा संगणकावरचा खेळ खेळणारा नवखा अशा वेळी एक तर संगणकाला शिव्या घालतो, नाही तर एका रात्रीत सगळे डावपेच मोडीत काढतो. मुरलेला खेळाडू मात्र आधी आकडे उघडतो.

या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची, पगार ठरवायचे, डावपेच आखायचे आणि मग सामना बघायचा. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या भावांनी 1992 मध्ये तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने आणला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि 2004 मध्ये भावांचा खेळ नव्या नावाने बाजारात आला. देशोदेशीच्या निरीक्षकांनी गोळा केलेली त्यातली माहिती इतकी बारीक आहे, की 2008 मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खरेखुरे खेळाडू हेरण्यासाठी ती वापरण्याचा करार केला.

फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र संख्याशास्त्रज्ञ खऱ्या सामन्यांच्या अंदाजासाठी वापरतात. समजा, एका संघाकडून सरासरी दोन गोल अपेक्षित आहेत आणि दुसऱ्याकडून एक. या सूत्रानुसार दुप्पट ताकदीचा हा संघ शंभरातले सुमारे 61 सामने जिंकतो, 21 बरोबरीत सोडवतो आणि 18 चक्क हरतो! शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

मग पारख कशाने करायची? संधींच्या दर्जाने. प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता मोजून त्यांची बेरीज केली, की ‘अपेक्षित गोल’ म्हणजे एक्सजी मिळतो. पेनल्टीची किंमत साधारण 0.75 ते 0.8 धरतात; तीस यार्डांवरून हाणलेल्या फटक्याची किंमत तिच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे वीस फटके लांबून मारलेले असतील, तर तो पराभव दुर्दैवी नव्हे. पाच-सहा सामन्यांत आपला एक्सजी सातत्याने प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त असेल, तर डावपेचांना हात लावू नये. नवी पद्धत अंगवळणी पडायला खेळाडूंना वेळ लागतो आणि दर आठवड्याला ती बदलली, तर कोणतीच रुळत नाही.

खरेदीतही हेच तत्त्व. खेळाडूचे गुण 1 ते 20 या मापात दिसतात, पण अनोळखी खेळाडूबाबत नेमका आकडा न देता ‘9 ते 14’ असा पट्टा दाखवला जातो. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा निरीक्षक, जसजसा अधिक पाहणी करतो, तसतसा हा पट्टा आक्रसत जातो. तेव्हा पट्टा रुंद असताना तिजोरी रिकामी करू नये. गुणांची नुसती बेरीजही फसवी असते. आघाडीच्या खेळाडूला गोलसमोरचा अचूकपणा हवा. त्याचे टॅकलिंग, म्हणजे चेंडू हिसकावून घेण्याचे कसब, कच्चे असले तरी फारसे अडत नाही.

कोवळ्या खेळाडूंची भविष्यातली क्षमता 200 पैकी मोजलेली असते, पण ती पडद्याआड. काहींच्या बाबतीत ती ठरावीक मर्यादांमध्ये यदृच्छेने ठरते आणि खेळ नव्याने सुरू केला की बदलते. एकाच ‘भावी ताऱ्या’वर सगळे पैसे लावण्यापेक्षा चार होतकरू पोरे घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

हरलेला सामना पुसून जतन केलेल्या जागेवरून पुन्हा खेळण्याची सवय मात्र सोडा. मनासारखा निकाल येईपर्यंत सामना खेळत राहिले, तर आपले डावपेच चांगले आहेत की वाईट, हे कळायला काही मार्गच उरत नाही.