लेव्हरकुझेनची एक रात्र आणि दरमहा १८.३६ युरो

जर्मनीत घर घेऊन पत्त्याची नोंदणी केली, की काही आठवड्यांत एक पत्र येते. घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो, सार्वजनिक प्रसारणासाठी दरमहा १८.३६ युरो, म्हणजे तिमाहीला ५५.०८ युरो, भरणे बंधनकारक आहे. २०१३ पासून ही वर्गणी उपकरणावर नव्हे, तर घरावर आकारली जाते. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांत या पत्राचे स्वागत क्वचितच होते. बातम्या, फुटबॉल आणि गुन्हेगारी मालिका या पैशातून चालतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हॅम्बुर्ग, कोलोन, फ्रँकफुर्ट आणि स्टुटगार्ट येथील चार कायमस्वरूपी जॅझ बिग बँडही त्याच पैशावर उभे आहेत, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बिग बँड म्हणजे साधारण सतरा-अठरा वादकांचा ताफा: पाच सॅक्सोफोन, चार-पाच ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एवढ्या माणसांचा पगार आणि प्रवासखर्च नृत्यगृहांच्या तिकिटांतून निघेनासा झाला आणि एकामागून एक बँड मोडत गेले. जर्मनीत नेमके त्याच काळात उलटे घडले. ज्या जर्मन रेडिओने १९३५ मध्ये जॅझवर बंदी घातली होती, त्याच्या जागी दोस्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली नव्या प्रसारण संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःचे नृत्यवाद्यवृंद बाळगले. हॅम्बुर्गचा ताफा १९४५ चा, फ्रँकफुर्टचा १९४६ चा. स्टुटगार्टला १९५१ मध्ये एर्विन लेन यांनी, तर कोलोनला १९५७ मध्ये कुर्ट एडेलहागेन यांनी सूत्रे हाती घेतली. पुढे नृत्यसंगीत मागे पडले, जॅझ उरला आणि मासिक वेतनही उरले.

या वेतनाचा ध्वनिमुद्रणाशी थेट संबंध आहे. पाहुणा कलाकार येतो, काही दिवस तालीम होते, मैफल होते आणि रेडिओचेच तंत्रज्ञ ती टिपून घेतात. बिग बँडची प्रत्यक्ष मैफल ध्वनिमुद्रित करणे हे अवघड काम आहे. प्रत्येक वाद्यासमोर मायक्रोफोन असला, तरी शेजारच्याचा आवाज त्यात शिरतोच. ड्रम तर सगळीकडे ऐकू येतो. मागच्या रांगेतल्या ट्रम्पेटचा चुकलेला सूर पुढच्या सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमध्येही नोंदलेला असतो, त्यामुळे नंतर एका पट्टीवरून तो पुसून भागत नाही. स्टुडिओत तो भाग पुन्हा वाजवून घेता येतो, मैफलीत नाही. म्हणून आवाजाचा तोल मंचावर, वादकांच्या कानांतच, आधी साधावा लागतो. वर्षानुवर्षे शेजारी बसून वाजवणाऱ्यांना तो साधतो. उरलेले काम ‘टोनमाइस्टर’ करतो. हा निव्वळ यंत्र हाताळणारा माणूस नसतो. त्याला स्वरलिपी वाचता येते आणि पुढचा एकल कोणाचा, हे तो पानावर आधीच पाहून ठेवतो. डेटमोल्डच्या संगीत महाविद्यालयात हे शिक्षण १९४९ पासून दिले जाते.

या व्यवस्थेचे सर्वांत लखलखीत फळ कोलोनजवळच्या लेव्हरकुझेनचे. औषधनिर्मिती व रसायन क्षेत्रातील मराठी मंडळींना हे गाव बायर कंपनीमुळे परिचित असते. तेथील जॅझ महोत्सवात २००३ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोनच्या डब्ल्यूडीआर बिग बँडने रँडी आणि मायकेल ब्रेकर या अमेरिकन बंधूंबरोबर मैफल केली. संगीत संयोजन व संचालन विन्स मेंडोझा यांचे होते. ‘सम स्कंक फंक’ या नावाने ती अल्बमरूपात आली. मायकेल ब्रेकर १३ जानेवारी २००७ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी निवर्तले. पुढच्याच महिन्यात या अल्बमला मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचे ग्रॅमी आणि मायकेल यांच्या त्यातील एकल वादनाला वेगळे ग्रॅमी मिळाले. रेडिओच्या नित्याच्या कामाचा भाग म्हणून टिपलेल्या त्या रात्रीत एका थोर सॅक्सोफोनवादकाचा श्वास शाबूत राहिला.

मुंबईची आठवण येथे अपरिहार्य आहे. ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशके वाजत होता. गोव्याचे कितीतरी कसलेले वादक त्या काळच्या मुंबईत अशा ताफ्यांत होते. पण हॉटेल पैसे देई ते नृत्यासाठी. त्या रात्री जपून ठेवणे हे कोणाचेच काम नव्हते. तबकड्यांवर आले ते तीन-तीन मिनिटांचे तुकडे, आणि पुढे तेच हात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत निनावी झाले.

मुंबईतूनच आलेला एक धागा हॅम्बुर्गला मात्र पक्का जुळला आहे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र, तालवादक त्रिलोक गुर्टू, अनेक वर्षे त्या शहरात राहतात. आईचा आवाज त्यांनी १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बमात घेतला होता. २०११ मध्ये त्यांनी ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि हॅम्बुर्गचा एनडीआर बिग बँड यांच्यासह ‘२१ स्पायसेस’ हा अल्बम काढला. तबला आणि बोलांच्या अंगाने वाढलेली लय तेरा-चौदा पितळी वाद्ये व सॅक्सोफोन यांच्या अंगावर कशी बसते, हे ऐकायचे तर सुरुवात येथून करावी.

हे सारे आपोआप टिकणारे नाही. पश्चिम बर्लिनच्या प्रसारण संस्थेचा पाउल कून यांच्या नेतृत्वाखालील ताफा १९८० मध्ये बंद झाला. स्टुटगार्टच्या एसडब्ल्यूआरने २०१६ मध्ये मोठा विरोध असताना आपले दोन सिम्फनी वाद्यवृंद एकत्र केले. वर्गणीचा वादही धुमसताच आहे. २०२० च्या अखेरीस झाक्सेन-आनहाल्ट राज्याने वाढ रोखली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये ती लागू केली. नंतर स्वतंत्र आयोगाने २०२५ पासून १८.९४ युरोंची शिफारस केली. राज्यांनी ती मान्य केली नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसारण संस्था पुन्हा न्यायालयात गेल्या. काटकसरीची चर्चा निघाली, की वाद्यवृंदांचे नाव लवकर पुढे येते. फुटबॉलच्या हक्कांइतके त्यांचे पाठीराखे नसतात.

डब्ल्यूडीआर आणि फ्रँकफुर्टच्या एचआर बिग बँडच्या मैफली यूट्यूबवर विनामूल्य ऐकता येतात, अनेकदा संपूर्ण चित्रणासह. कोलोन, हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट आणि स्टुटगार्ट या शहरांत राहणाऱ्यांना त्यांच्या प्रत्यक्ष मैफलींची तिकिटेही घेता येतात. वर्गणी तर आधीच भरलेली असते.