कानातल्या आवाजावर गोळी आहे का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, रात्री निजानीज झाली की काहींच्या कानात रातकिडे ओरडू लागतात, तर काहींना एकसारखा 'शूंऽऽ' असा आवाज येतो. बाहेर काहीच वाजत नसतं. डॉक्टर याला 'टिनिटस' म्हणतात, आयुर्वेदात 'कर्णनाद' म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे, ते एक लक्षण आहे.

वाढत्या वयानं किंवा सततच्या मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या भागातील नाजूक पेशी झिजतात. त्यांच्याकडून मेंदूला येणारे संदेश कमी होतात. मग मेंदू आपला 'व्हॉल्यूम' वाढवतो आणि स्टेशन नसलेल्या जागी रेडिओ खरखरावा तसा आवाज ऐकू येतो, असं तज्ज्ञ मानतात. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला! म्हणजे शांतता जितकी गाढ, तितका हा आवाज ठळक.

मग माणूस औषधाच्या दुकानात जातो. गिंको, झिंक, मेलाटोनिन, जीवनसत्त्वं अशा बाटल्या घरी येतात. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली स्पष्ट सांगितलं, की त्रासदायक, चिवट कर्णनादासाठी ही पूरकं सुचवू नयेत. गिंकोचा फारसा उपयोग होत नाही, हे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलं. उलट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दीर्घकाळ जास्त झिंक घेतल्यास शरीरातलं तांबं कमी होतं. रक्ततपासणीत ब-१२ कमी निघालं, तर ते जरूर भरून काढावं. पण कानातला आवाज त्यानं थांबेलच, असं धरून चालू नये.

मग करायचं काय? आधी कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ साचलेला असतो. घरी तेल घालू नये, काडी तर नकोच. त्यानंतर श्रवणचाचणी करावी. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्रानं पुष्कळांचा कानातला आवाजही मागे पडतो. झोपताना पंख्याची घरघर किंवा मंद संगीत चालू ठेवावं. आवाजाची धास्ती कमी करणारी विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे 'सीबीटी', हिच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा आहे. आवाज कायम राहिला, तरी त्याचा जाच कमी होतो.

काही वेळा मात्र थांबू नये. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचाराचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. आवाज एकाच कानात येत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तरीही तपासणी हवीच. काही औषधांनीही हा त्रास होतो. पण ती आपल्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं.

आणि हो, पूरकाची बाटली हातात आलीच, तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आपल्याकडच्या नियमांनुसार तिथं छापलेली असते. त्या पैशांतून आधी श्रवणचाचणी करून घेतलेली बरी.