रोवणीच्या रांगेत बोलायची पाळी

जुलैत गोंदिया जिल्ह्यात भाताची रोवणी भरात येते. बांधीतल्या चिखलात दहा-बारा बायका रांगेनं वाकलेल्या, नजर हातातल्या पऱ्ह्यांवर. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, तरी गप्पांना खंड नाही. "उद्या आमच्या बांधीत येतेस का व?" "हव ना!" प्रश्नातला 'व' विरायच्या आत उत्तर आलेलं असतं. कधी दोघी एकदमच सुरू होतात, पण लगेच एक थांबते.

हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी साध्या गप्पांची ध्वनिमुद्रणं ऐकून ऐकून 1974 मध्ये बोलण्याच्या या पाळ्यांचे नियम मांडले. पाळी कुणाची हे आधी ठरलेलं नसतं, बोलता बोलता ठरतं. तरीही मधली फट जेमतेम असते. ती किती, हे 2009 मध्ये तान्या स्टायव्हर्स यांच्या गटानं दहा भाषांत मोजलं. 'हो की नाही' छापाच्या प्रश्नांना उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. जपानी सगळ्यांत चपळ, डॅनिश सगळ्यांत संथ, पण डॅनिशचीही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती, याची मात्र चुटपुट लागते.

इथं हिशोब चुकतो. बैलाचं चित्र दाखवून नाव विचारलं, तर 'बैल' एवढा एक शब्द तोंडातून बाहेर पडायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. मग सेकंदाच्या पाचव्या भागात, म्हणजे 200 मिलिसेकंदांत, अख्खं उत्तर कुठून येतं? समोरचा बोलत असतानाच ते डोक्यात शिजायला लागलेलं असतं, आणि त्याचं वाक्य कुठं संपणार हेही कानानं आधीच हेरलेलं असतं. यान पीटर द रॉयटर यांनी 2006 मध्ये डच बोलण्यातला स्वरांचा चढउतार सपाट करून टाकला; तरी ऐकणाऱ्यांनी शेवट बरोबर ओळखला. शब्द पुसून नुसते चढउतार ठेवले, तेव्हा मात्र त्यांचा अंदाज ढासळला.

मराठीत तर क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही मागे. "मी उद्या तुमच्याकडं येत..." इथवर ऐकून काय कळणार? पण जपानीचंही क्रियापद शेवटीच येतं, आणि चपळाईत पहिली तीच! माझा आपला अंदाज असा, की 'का', 'ना', 'व', 'जी' ही आपली शेपटं इथं कामी येत असावीत. अर्थ तोवर सांगून झालेला असतो, त्यामुळं दुसरीनं शेपटावर पाय दिला तरी काही बिघडत नाही.

याच धानशेतीत सारसाची जोडी जुगलबंदी करते. नराची एक लांब हाक, तिला मादीच्या दोन-तीन आखूड हाका. ताल पक्का, पण सुरावट ठरलेली. बायकांचं तसं नाही; पुढचं वाक्य काय येणार, हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्या दहा भाषांत आणखी एक गोष्ट दिसली होती: होकारापेक्षा नकार उशिरा येतो. रांगेतल्या बायकांना ते कुणी सांगावं लागत नाही.

"मंग परवा येतेस का व?"

एक जुडी संपेस्तोवर नुसता चिखलाचा आवाज.

"बरं, नसन जमत त राहू दे."